भिंतीचे खालचे दोन फूट

आपल्याकडे इमारत बघायची म्हणजे मान वर करून बघायची, अशी पद्धत आहे. किती मजले, एलिव्हेशन कसे, काच किती, रंग कुठला... झाले, मत तयार! माझे म्हणणे असे की बांधणाऱ्याचे काम खरोखर जोखायचे असेल तर मान खाली घालावी आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंतची भिंत नीट बघावी. वरची भिंत ओळंब्यात उभी करणारे पुष्कळ मिळतात. डोके लागते ते या खालच्या दोन फुटांत.

मित्रहो, हा प्रयोग आजच करून बघा. मेसपासून निघा, हॉस्टेलला एक चक्कर मारा, मग वर्कशॉप, आणि स्टाफ क्वार्टर्सच्या मागच्या बाजूने परत या. सगळीकडे एकच चित्र दिसेल. जमिनीलगतचे प्लास्टर फुगलेले, बोटाने ठोकले तर पोकळ आवाज करणारे. त्यावर पांढरी पूड. कुठे पापुद्रे सुटलेले, कुठे विटा उघड्या पडलेल्या आणि त्या विटांचीही लाल भुकटी व्हायला लागलेली. आणि या सगळ्यावर पांघरूण म्हणून चॉकलेटी रंगाचा दोन फुटी पट्टा! कुठली कमिटी यायची असली की पंधरा दिवस आधी या पट्ट्याला नवा हात मिळतो. कमिटी जाते, पाऊस येतो, आणि पट्ट्यासकट प्लास्टर खाली येते.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कॉट भिंतीला लावली की उशीला कुबट वास, कपाटातल्या जर्नल्सना बुरशी, भिंतीला चिकटवलेले टाइमटेबल आठ दिवसांत गळून पडते. तळमजला बहुतेक करून फर्स्ट इयरच्या मुलांना मिळतो, म्हणजे ज्यांना तक्रार कुणाकडे करायची हेच अजून माहीत नसते त्यांना. पुढच्या वर्षी ती मुले वर जातात आणि विषय संपतो. वॉचमनकाकांचे मात्र तसे नाही. ते कुटुंबासह गेटजवळच्या खोलीत राहतात. त्यांना वरचा मजला कधीच मिळणार नाही आणि त्यांच्या लहान मुलीचा बिछाना त्याच ओल्या भिंतीशी आहे. म्हणून हा विषय नुसता रंग-रंगोटीचा नाही, असे मला वाटते.

"पावसाळा आहे, ओल येणारच," हे उत्तर आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते खरेच वाटायला लागले आहे. ते खरे नाही. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मि.मी. पाऊस पडतो, कोकणात अडीच-तीन हजारांच्या वर. ओल पावसानेच येत असती तर कोकणातली जुनी घरे एव्हाना विरघळून जायला हवी होती! ओल येते ती बहुतेक वेळा एका साध्या कारणाने. भिंतीचे प्लास्टर जमिनीजवळ कुठे आणि कसे संपवायचे, हे कुणी ठरवलेलेच नसते.

आधी पाणी वर का चढते ते बघू. बारावीत आपण सगळ्यांनी केशाकर्षण घोकले आहे. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच. त्रिज्या एक शतांश मिलिमीटर धरली तर सूत्राप्रमाणे पाणी जवळजवळ दीड मीटर चढते. वीट काय नि सिमेंटचे प्लास्टर काय, आतून अशा बारीक नळ्यांचेच जाळे आहे. आय.एस. १०७७ प्रमाणे साध्या भाजलेल्या विटेने २४ तास पाण्यात बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोची वीट अर्धा लिटरहून जास्त पाणी पिऊनसुद्धा टेस्टमध्ये पास होते! अशा हजारो विटांची भिंत ओल्या मातीत पाय सोडून बसली, की ती पाणी पिणार हे उघड आहे.

प्रत्यक्षात ओल दीड मीटर चढतेच असे नाही. भिंतीच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असते. खालून येणारे पाणी आणि बाहेर जाणारी वाफ यांचा जिथे मेळ बसतो तिथे ओलीची रेषा थांबते. बहुतेक ठिकाणी ही रेषा मीटरभराच्या आत असते. हा मेळ लक्षात ठेवा, कारण आपले बरेचसे 'उपाय' तो बिघडवतात.

शिवाय पाणी एकटे येत नाही. मातीतले, विटेतले, बोअरच्या जड पाण्यातले क्षार बरोबर घेऊन येते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. वरवर दिसणारी पांढरी पूड झाडली की जाते, तिचा फारसा त्रास नाही. त्रास होतो तो प्लास्टरच्या आत, पृष्ठभागाच्या जरा मागे जमणाऱ्या क्षारांचा. उदाहरणार्थ सोडियम सल्फेट. त्याचे कोरडे स्फटिक पाणी शोषून दहा रेणू पाण्याचे स्फटिक झाले की आकारमान जवळजवळ चौपट होते. प्लास्टरच्या छिद्रात अडकलेला स्फटिक फुगायला लागल्यावर प्लास्टर किती दिवस तग धरणार? पावसाळा-उन्हाळ्याची अशी चार-सहा आवर्तने झाली की फुगा तयार.

आता तुम्ही म्हणाल, यासाठीच तर डीपीसी असते! बरोबर. जोत्याच्या पातळीला भिंतीच्या पूर्ण रुंदीत पाणी अडवणारा थर द्यायचा. सरकारी बांधकामात नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे ४० मि.मी. जाडीचे १:२:४ काँक्रीट, त्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड आणि वरून गरम डांबराचा हात. हा थर जमिनीपासून किमान १५० मि.मी. वर असावा, हेही आपण परीक्षेत लिहितो आणि दोन मार्क घेतो. पण साइटवर पुढे काय होते? भिंत पूर्ण होते, बाहेरून प्लास्टर सुरू होते. गवंडी वरून खाली येत येत डीपीसी ओलांडतो, जोते ओलांडतो आणि प्लास्टर थेट मातीत नेऊन सोडतो. काम 'फिनिश' दिसते, सगळे खूश. भिंतीच्या पोटातून जाणारा पाण्याचा रस्ता आपण खर्च करून बंद केला, आणि तिच्या अंगावरून वीस मि.मी. जाडीचा नवा रस्ता बांधून दिला! मातीतले पाणी प्लास्टरमधून डीपीसीला वळसा घालून आरामात वर जाते आणि तिथून विटेत शिरते.

हल्लीच्या फ्रेमच्या इमारतींत भिंत प्लिंथ बीमवर उभी असते. म्हणून डीपीसी नको, असे साइटवर सर्रास म्हणतात. घट्ट, नीट व्हायब्रेट केलेले काँक्रीट विटेपेक्षा खूपच कमी पाणी पिते, हे मान्य. पण बीमवरून प्लास्टर खाली मातीत गेले असेल तर वरची चोरवाट इथेही उघडीच. उलट इथे नुकसान जास्त. ओले, क्षारयुक्त प्लास्टर बीमला कायम चिकटून राहिले तर आज ना उद्या आतल्या सळईला गंज चढतो. प्लास्टर पुन्हा करता येते, गंजलेल्या बीमचे काय करणार?

दुसरे कारण तर आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि तरी दिसत नाही. जमीन वर चढते! राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जोते आजूबाजूच्या जमिनीपासून ४५० मि.मी. तरी उंच हवे. म्हणजे १५० मि.मी.च्या तीन पायऱ्या. आमच्या हॉस्टेलच्या व्हरांड्याला चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, असे मेसमधले जुने आचारी सांगतात. आज एक उरली आहे. इमारत खचलेली नाही. एकदा मुरूम टाकला, मग त्यावर काँक्रीट, मग त्यावर पेव्हर ब्लॉक, आणि भिंतीला लागून शोभेच्या झाडांचा वाफा. दर वेळी जुने न काढता त्यावरच नवे. ४५० मधले ३०० मि.मी. आपण असे हप्त्याहप्त्याने गिळले. शहरातल्या जुन्या रस्त्यांवर जाऊन बघा, दुकानात शिरायला पूर्वी पायरी चढायची, आता उतरायची. रस्ता काँक्रीटचा झाला याचे फलक लागले, पण त्या भिंतींची डीपीसी जमिनीखाली गेली याची नोंद कुठेच नाही.

आणि तिसरे कारण म्हणजे वरून पडून उडणारे पाणी. गच्चीचे पाणी खाली आणायला पाइप हवा, तिथे फूटभर लांबीचा स्पाउट सोडून दिलेला असतो. तीन मजल्यांवरून धार पेव्हर ब्लॉकवर आदळते आणि चिखलासकट दीड-दोन फूट उडते. तो तपकिरी डाग झाकायला मग चॉकलेटी पट्टा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक ओल खालूनच येते असे नाही, आणि निदान चुकले की उपाय चुकतो. ओळखायची साधी युक्ती अशी. ओलीची रेषा भिंतभर साधारण एका उंचीला असेल, पांढरे क्षार असतील आणि मार्च-एप्रिलमध्येही ती पूर्ण जात नसेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. फक्त पावसाळ्यात, खालच्या फूट-दीड फुटावर मातीचे शिंतोडे दिसत असतील तर ते उडणारे पाणी. आणि एकाच जागी गोलसर डाग, बाराही महिने, हळूहळू मोठा होणारा असेल तर मागे नळ किंवा ड्रेनेजची लाइन गळते आहे. आपल्या बाथरूमच्या मागच्या भिंतीला तर हे तिन्ही आजार एकदमच आहेत!

आपल्याकडे याच्यावर उपाय काय होतात? आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, तेही १:३ चे कडक. त्याने नाही भागले तर ऑइल पेंट. त्यानेही नाही भागले तर कंबरेएवढ्या टाइल्स. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसे हे आहे. पाणी बाहेरून, खालून येते आणि आपण आतून झाकण लावतो. मघाचा मेळ आठवा. वाफ बाहेर जायची वाट बंद केली की पाणी जिथे वाट मिळेल तिथपर्यंत वर चढते. म्हणून टाइल्स लावल्यावर दोन वर्षांनी बरोबर टाइल्सच्या वरच्या काठाला प्लास्टर फुगते. मग कुणीतरी म्हणते, "टाइल्स अजून दोन फूट वर न्यायला पाहिजे होत्या." अशाने एक दिवस टाइल्स स्लॅबला टेकतील!

मेंटेनन्सच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. त्यांचे म्हणणे असते की पट्टा मारायला दोन दिवस लागतात, मंजुरी लगेच मिळते. भिंतीच्या कडेने खोदायचे म्हटले की तीन टेबलांवरून फाइल फिरते. हे खरे आहे आणि यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. वार्षिक रंगकामाचे बजेट असते, जमीन खाली करायचे बजेट नसते. पण तोच पट्टा दर वर्षी, तेच प्लास्टर दर तीन वर्षांनी, आणि भिंत मात्र दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा वाईट. असा हिशेब आपण इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरात लिहिला तर सर नापास करतील.

आपल्या जुन्या लोकांना हे सगळे सूत्रे न मांडता कळत होते. वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे, आणि त्यावर विटा-मातीची भिंत. बेसाल्टचा घट्ट दगड पाणी जवळजवळ पीतच नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. १८२८ च्या आगीत लाकडी माड्या गेल्या, पण आतल्या इमारतींची दगडी जोती आजही तिथे दिसतात. हा आगीचा दाखला आहे हे कबूल, पण त्यानंतर जवळपास दोनशे पावसाळे ती जोती उघड्यावर आहेत, हेही विसरू नका. कोकणात जांभ्याच्या भिंतींपुढे छप्पर लांब काढून पडवी दिलेली असते, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. ज्या अंगाने झड येते तिकडे पावसाआधी झापे बांधतात. देशावर मातीच्या घरांना खालून गेरूचा पट्टा असायचाच. पण तो दर वर्षी सारवून, लिंपून नवा केला जाई. मार खायचा तो या लिंपणाने, भिंतीने नाही, असा साधा हिशेब. आपण त्यातला नुसता रंग उचलला आणि लिंपण विसरलो.

परदेशी पुस्तके वाचून एक वेगळाच घोटाळा होतो, त्याबद्दलही लिहितो. अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घराला बाहेरून जाळी मारून सिमेंटचा गिलावा करतात, त्याला ते स्टको म्हणतात. त्याच्या तळाशी पाणी निथळायला छिद्रे असलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी बसवतात, 'वीप स्क्रीड'. ही पट्टी मातीपासून किमान ४ इंच आणि फरशी-काँक्रीटपासून किमान २ इंच वर हवी, असा तिथला नियम आहे. आमच्या वर्गातल्या एकाने व्हिडिओ बघून सेमिनारमध्ये सांगितले की आपल्याकडेही हीच पट्टी लावली म्हणजे प्रश्न मिटला. पण तिथे गिलाव्याच्या मागे पाणी अडवणारा कागद असतो, आणि गिलाव्यात शिरलेले पाणी त्या कागदावरून खाली येऊन पट्टीतून बाहेर पडते. आपली भिंत भरीव विटांची, प्लास्टर विटेला घट्ट चिकटलेले. मागून निथळायला जागाच नाही, मग छिद्रांतून काय येणार? वस्तू तशीच्या तशी आणून चालणार नाही. घेण्यासारखा आहे तो त्यामागचा नियम. प्लास्टर मातीला टेकू द्यायचे नाही, वरच तोडायचे. इंग्लंडमध्ये आपल्यासारख्याच विटांच्या भिंती आहेत. तिथेही प्लास्टर डीपीसीच्या वर, जमिनीपासून १५० मि.मी. उंचीवर संपवतात आणि त्याची खालची कड जरा बाहेर फाकवतात, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता ठिबकून पडते.

मग आपल्याकडे हे कसे करावे? त्याला काही परदेशी मटेरियल लागत नाही. प्लास्टर करताना डीपीसीच्या पातळीला भिंतभर एक सरळ लाकडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी लेव्हलमध्ये ठोकायची. वरचे प्लास्टर त्या पट्टीवर येऊन थांबते. पट्टी काढली की स्वच्छ आडवी फट राहते. कडेच्या खालच्या बाजूला पाणी तुटायला एक खाच ठेवायची, जशी आपण छज्जाखाली ठेवतो. फटीखालच्या जोत्याचे फिनिश वेगळे, दगड असेल तर नुसते पॉइंटिंग, वीट किंवा बीम असेल तर घट्ट सिमेंट प्लास्टर. या दोघांचा कुठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही. जोते भिंतीपेक्षा बाहेर आले असेल तर त्याच्या माथ्याला बाहेर उतार द्यायचा, नाहीतर तिथेच पाणी साचते.

त्याच्या खाली प्लिंथ प्रोटेक्शन. नेहमीच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे ७५ मि.मी. कोरड्या खडी-विटांच्या तुकड्यांच्या थरावर ५० मि.मी. जाडीचे १:३:६ काँक्रीट. उतार बाहेरच्या बाजूला, फुटाला पाव इंच, आणि पलीकडे पाणी वाहून न्यायला गटार. आपले कॅम्पस काळ्या मातीवर आहे, इथे आणखी एक काळजी. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पावसात फुगते. प्लिंथ प्रोटेक्शन तिच्याबरोबर खालीवर होणार, भिंत होणार नाही. दोन्ही एकत्र घट्ट ओतले तर सांध्यात तडा जातो आणि पाणी नेमके पायाशी मुरते. म्हणून तिथे आधीच सांधा ठेवून तो डांबराने भरायचा, आणि दर वर्षी मे महिन्यात तो बघायचा. स्पाउटऐवजी जमिनीपर्यंत पाइप. ते जमत नसेल तर जिथे धार पडते तिथे जाड खडीचा पट्टा, म्हणजे पाणी उडत नाही. झाडांचे वाफे भिंतीपासून मीटरभर तरी लांब. बस, एवढेच. यात न समजण्यासारखे काय आहे?

हे सगळे इतके सोपे असून होत का नाही, असा प्रश्न मी मागच्या उन्हाळ्यात लायब्ररीच्या एक्स्टेन्शनवर काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना विचारला. "मामा, प्लास्टर खाली मातीपर्यंत का नेता?" ते हसले. म्हणाले, "दादा, नकाशात कुठं थांबायचं ते लिहिलेलं नसतंय. आम्ही मधीच थांबलो तर साहेब म्हणणार काम अर्धवट ठेवलं. मग कशाला नसती भानगड?"

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ या उत्तरात आहे. स्ट्रक्चरल ड्रॉइंग प्लिंथ बीमपर्यंत येऊन संपते. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये एलिव्हेशन जमिनीच्या रेषेपासून सुरू होते. प्लास्टरचा कॉन्ट्रॅक्टर वेगळा, पेव्हर ब्लॉकचा वेगळा, बागेचा वेगळा, नळाचा वेगळा. प्रत्येकजण या दोन फुटांत येऊन आपले काम करून जातो, पण हे दोन फूट कुणाच्याच नावावर नाहीत. पेव्हर ब्लॉकवाल्याला डीपीसी कुठे आहे हे कुणी सांगितलेले नसते आणि तो विचारतही नाही.

आणि आपण? बिल्डिंग ड्रॉइंगच्या तासाला आपण वॉल सेक्शन काढतो. फुटिंग, जोते, डीपीसीची जाड काळी रेघ, सिल, लिंटेल, छज्जा, स्लॅब, पॅरापेट. जमिनीची रेघ ओढून खाली तिरक्या रेघा मारल्या की शीट पूर्ण. बाहेरचे प्लास्टर त्या सेक्शनमध्ये किती जण दाखवतात? ते कुठे संपते हे किती जण दाखवतात? मी माझ्या बॅचच्या शीट्स चाळल्या, एकातही नाही. सर, मॅडम, आपल्याला माझी नम्र विनंती आहे की जमिनीच्या रेघेच्या वरचे-खालचे दोन-दोन फूट १:५ च्या स्केलवर वेगळे काढायला लावा आणि त्याला मार्क ठेवा. मार्क असले की आम्ही कुठलीही गोष्ट शिकतो, हे आपल्याला माहीत आहेच!

कॉलेजकडे माझे मागणे मोठे नाही. पूर्ण कॅम्पस एकदम नको. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त दोन जागा घ्याव्यात, वॉचमनकाकांची खोली आणि हॉस्टेलच्या तळमजल्याची मागची बाजू. भिंतीलगतची जमीन आणि वाफे खाली घेऊन जोते उघडे करावे. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खारावलेले प्लास्टर काढून टाकावे. भिंत सुकू द्यावी. नऊ इंची भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण सुकेलच असे नाही, म्हणून घाई नको आणि लगेच रंग तर अजिबात नको. नंतर डीपीसीच्या वर १:१:६, म्हणजे सिमेंट, चुना, वाळूचे प्लास्टर, जे थोडा श्वास घेऊ देते. खाली वर सांगितल्याप्रमाणे फट आणि प्लिंथ प्रोटेक्शन. खोदाई आणि प्लास्टर काढायचे काम आम्ही स्थापत्यची मुले सर्व्हे कॅम्पनंतर थांबून करायला तयार आहोत, मात्र पट्टी लेव्हलमध्ये ठोकायला मिस्त्रीमामाच हवेत.

तोपर्यंत तळमजल्यावरच्या मित्रांनी एक करावे. भिंतीवर ओल जिथपर्यंत आली आहे तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा बघा, रेघ हलली असेल तर नवी मारा. वर्षभर बारा रेघा जमल्या की त्यांचा फोटो काढून अर्जाला जोडू. नुसता "रूममध्ये ओल आहे" असा अर्ज ऑफिसात खूप आले आणि गेले. तारखांसकट बारा रेघा असलेला अजून एकही गेलेला नाही. आणि हो, कुणी रंगवाला चॉकलेटी डबा घेऊन आला तर आधी रेघांचा फोटो काढून घ्या.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी